मनातलं झाडणं

आमच्या मजल्याला पहाटे साडेचारला पाणी यायचं. 1990 साली लग्न होऊन मी वरळीच्या बीडीडी चाळीत आले, तेव्हापासून 31 वर्षं त्याच वेळेला उठत आले. गजर कधी लावावा लागला नाही. पाइपातून आधी हवा यायची, नळ खाकरल्यासारखा आवाज करायचा आणि भिंतीपलीकडे शेजारणीचीही कळशी वाजायची. आधी पिंप, मग दोन हंडे, कळशी, आणि सगळ्यात शेवटी देवाचा तांब्या.

2021 साली आम्ही खोली सोडली. नव्या जागी नळाला दिवसभर पाणी. तरी साडेचारला माझे डोळे उघडायचेच. भरायला काही नसायचं. अंधारात पडून राहिलं की छातीवर काहीतरी ठेवल्यासारखं वाटायचं. सहाला उजाडायचं, चहा व्हायचा, दिवस निघून जायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी साडेचार. चार वर्षांत त्या दीड तासाचं काय झालं, ते मला लिहून ठेवायचं आहे.

ज्यांनी बीडीडी चाळ पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. 1920 च्या दशकात इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या चाळी. तळमजला अधिक तीन मजले. मधून लांबलचक पॅसेज, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, म्हणजे एका चाळीत 80 खोल्या. खोली 160 चौरस फुटांची. आत मोरी, बाहेर टोकाला सामायिक संडास. एकट्या वरळीत अशा 121 चाळी होत्या. पॅसेजमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागायचा, पण दार मात्र कुणाचंही दिवसा बंद नसायचं. आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्यापासून डाव्या हाताला चौथा दरवाजा.

माझे सासरे पाटण तालुक्यातून गिरणीत कामाला आले, तेव्हा या खोलीत गावचे अकरा बाप्ये राहायचे. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. पुढे एकेक जण सुटा होत गेला आणि खोली सासऱ्यांच्या नावावर राहिली. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, त्यानंतर ते गिरणीत परत गेले नाहीत. भाजी विकून त्यांनी संसार ओढला. मी आले तेव्हा खोलीत आम्ही सहा जणं होतो. नंतर माझी लेक झाली, मुलगा झाला. कॉटवर दोघं, कॉटखाली दोघं, बाकीचे ओळीनं. कुणी कुठं झोपायचं हे ठरलेलं, त्यावरून कधी बोलणं झालं नाही.

पुनर्विकासाचं आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्याची भीती वाटेनाशी झाली होती. म्हाडाचं सर्वेक्षण सुरू झालं, जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्ड, लाइटबिलं गोळा करायची धावपळ सुरू झाली, तेव्हा कुठं ते खरं वाटायला लागलं. सासरे 2004 मध्येच गेले होते, खोली सासूबाईंच्या नावावर होती. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. बायोमेट्रिकच्या दिवशी आत्यांची बोटं त्या यंत्राला वाचता येईनात. अंगठा पुसून झाला, तेल लावून झालं, दहाही बोटं फिरवून झाली. साठ-पासष्ट वर्षं राखेनं भांडी घासून, दगडावर कपडे आपटून त्या बोटांवर ठसाच उरला नव्हता. शेवटी डाव्या हाताच्या करंगळीच्या शेजारचं बोट लागलं. आत्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन त्या कितीतरी वेळ आपले हात बघत बसल्या होत्या.

160 च्या जागी 500 चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर मिळणार, तेही फुकट. याचा आनंद आम्हाला झाला होता, आणि तो खरा होता. चाळीच्या आठवणी काढताना लोक तो आनंद लपवतात, तसं मला करायचं नाही. वयात आलेल्या मुलीनं रात्री टॉर्च घेऊन पॅसेजच्या टोकाला संडासला जायचं, हे मी आई म्हणून वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मला ती खोली सोडायचीच होती.

म्हणूनच पुढं जे झालं ते मला समजेना.

आम्हाला संक्रमण गाळा, म्हणजे नवं घर होईपर्यंतची तात्पुरती जागा, मिळाला तो परळच्या बाजूला, एका जुन्या गिरणीच्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या इमारतीत. 225 चौरस फूट. खोलीपेक्षा मोठा, आतच संडास-बाथरूम, लिफ्ट. त्याच वर्षी आमचे हे बेस्टमधून निवृत्त झाले. मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि तो गेला. लेक आधीच लग्न होऊन बदलापूरला. माझा डब्यांचा उद्योग होता, चाळीतल्या आणि आजूबाजूच्या 14 जणांचे डबे मी करायचे, तो एका दिवसात बंद पडला. एके काळी आठ माणसांचं घर होतं, आता आम्ही तिघं उरलो. सहा महिन्यांत इतकं सगळं हललं. पण मी स्वतःला समजावत होते की कुणी मेलं नाही, कुणी आजारी नाही, उलट सगळं बऱ्यासाठीच चाललंय. साडेचारला मात्र ते समजावणं चालत नसे. मला घरी जायचं होतं, आणि मी घरातच होते.

अशाच एका पहाटे मी शेजारी झोपलेल्या आत्यांकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात चादरीवर हलत होता. डावीकडून उजवीकडं, थोडा उचलून परत डावीकडं. संथ, एका लयीत. मला वाटलं कंपवात. मी घाबरून त्यांचा हात धरला.

"सोड," त्या म्हणाल्या. "झाडतीया."

"काय झाडताय?"

"म्हायार."

आत्यांचं माहेर कोयनेच्या काठी होतं. त्यांचं लग्न झालं, त्या वरळीला आल्या आणि दोन-तीन वर्षांतच धरणाचं पाणी चढलं. आता तिथं शिवसागर जलाशय आहे. भावकी उठून कुणी ठाणे जिल्ह्यात गेली, कुणी आणखी कुठं. आत्यांना परत जायला माहेरच राहिलं नाही. हे मला माहीत होतं, पण घरातली एक जुनी हकिगत म्हणून. त्या पहाटे पहिल्यांदा कळलं की घर बुडाल्यापासून, म्हणजे साठेक वर्षं, ही बाई रोज मनातल्या मनात ते झाडत आली आहे.

त्यांनी मला सगळं सांगितलं. आधी चुलीपुढचं. तिथं राख उडते म्हणून हात हलका. मग माजघर, उतरंडीच्या मागं वाकून. मग सोपा, तिथल्या खांबाच्या पायथ्याशी कायम भुसा साठतो. मग गोठ्याकडची बाजू, आणि शेवटी अंगण, ते खराट्यानं. कचरा परड्यात फणसाच्या बुंध्याशी. मग खराटा भिंतीला उभा करून ठेवायचा आणि झोपायचं.

"पण आत्या, ते तर पाण्याखाली आहे."

"मी झाडती तवा पाणी नसतं."

दुसऱ्या दिवशी साडेचारला मीही डोळे मिटून चाळीतल्या खोलीत गेले. जिना चढले, चौथ्या दारातून आत शिरले. आणि कॉटवर बसले. मोरीतला ओला वास आला. मुलगा लहानपणी बसायचा ती खिडकी दिसली. समोरच्या खोलीतून कुकरची शिट्टी ऐकू आली. मी हुंदके दाबत पडून राहिले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरानं माझी अवस्था आधीपेक्षा वाईट होती. दिवसासुद्धा मन तिथंच जायला लागलं, हातातली कामं राहायला लागली. मी आत्यांना म्हटलं, तुमचं हे औषध मला मानवलं नाही.

त्यांनी विचारलं, "तू झाडाया गेल्तीस का बसाया?"

मी म्हटलं, बसलेच होते.

"मग रडूच येणार. पावणी म्हणून बसलीस. पावण्याला उठून जायचं असतंय, म्हणून त्याचा पाय निघत न्हाय. झाडणारीला काम असतंय."

या एका बोलण्यावर मी फार विचार केला आहे. आठवण काढणं आणि झाडणं यांत फरक काय, हे मला करून बघितल्यावरच समजलं. आठवण काढताना मी जे साठलं होतं तेच बघत होते, जे हरवलं त्याची मोजदाद करत होते. झाडायला लागल्यावर बघावं लागलं की पुढची फरशी कुठली. मी मोरीपासून सुरुवात केली. मोरीचा कठडा, त्याला लागून पिंप, पिंपाच्या मागची चिंचोळी जागा. तिथं केरसुणी जात नाही, हात घालून कपड्यानं काढावं लागतं. मग ओट्याखालची जागा, सिलिंडरच्या बुडाचा गंजाचा गोल डाग. मग मांडणीखाली. मग कॉटखालच्या ट्रंका ओढायच्या, एक, दोन, तिसरी जड, तिच्यात सासऱ्यांची कागदं. आणि दाराशी येता येता एक अडचण उभी राहिली: उंबऱ्याजवळची फुटलेली फरशी डाव्या अंगाला होती की उजव्या?

मला आठवेना. 31 वर्षं रोज दोनदा झाडलेली खोली, आणि मला आठवेना. मी सकाळी जुन्या शेजारणीला फोन केला. ती आता भाड्यानं घेतलेल्या घरात, पार दुसऱ्या टोकाला. ती म्हणाली उजव्या. मी म्हटलं डाव्या असणार. आम्ही अर्धा तास त्या फरशीवरून बोललो, मग त्यांच्या फरशीवर आलो, मग पॅसेजमधल्या दिव्याच्या बटणावर. चाळ सोडल्यापासून इतकं मोकळं आम्ही बोललोच नव्हतो. तोवर फोन झाला की दोघींचा गळा दाटायचा आणि लगेच ठेवला जायचा.

हळूहळू माझ्या लक्षात येत गेलं की झाडताना माझा श्वास बदलतो. खांदे खाली येतात. पाणी भरताना शरीर जसं मोकळं आणि कामात असायचं, तसं होतं. मी ज्याला घर म्हणून हुडकत होते त्यात खोली होतीच, पण तिची राखण करणारी मीही त्यात होते. खोली पाडली गेली, ती यंत्रानं खाली येताना आमच्या ह्यांनी मैदानात उभं राहून पाहिली. राखण करणारी मात्र इथं चादरीवर पडून होती, तिला कुणी पाडलं नव्हतं. तिला फक्त काम नव्हतं.

हे कळल्यावर मी परळच्या त्या गाळ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. दोन वर्षं तिथं राहून मी एक खिळा ठोकला नव्हता. तात्पुरती जागा, कशाला? त्या दिवशी मी कोपरे घासले. खिडकीच्या सळ्यांना फडकं मारलं. पुढच्या महिन्यात चार डबे सुरू केले.

मुलाला हे सगळं फोनवर सांगावं की नको, मला कळत नव्हतं. तोही पुण्यात तीन पोरांबरोबर भाड्याच्या घरात, झोप लागत नाही म्हणायचा. एकदा सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आई, मी दारं मोजतो." लहानपणी लाइट गेली की पॅसेजमध्ये काही दिसायचं नाही. तेव्हा पोरं जिन्यापासून भिंतीला हात लावून एकेक दार मोजत आपल्या खोलीशी यायची. हा अजून पडल्या पडल्या तेच करतो. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला लाकडाचा खडबडीतपणा हाताला लागला की झोप येते. कुणी त्याला शिकवलं नव्हतं.

आत्या 2023 च्या जानेवारीत गेल्या. शेवटचे पंधरा दिवस त्या फारशा बोलत नव्हत्या, हात मात्र चालू असायचा. एका पहाटे मी त्यांना विचारलं, झालं का माहेर झाडून? त्या म्हणाल्या, "आज दोन्ही झाडली. म्हायार बी आन वरळी बी." मला वाईट वाटलं की त्यांनी नवीन घर पाहिलं नाही. त्यांना त्याचं फारसं वाटत होतं असं मला दिसलं नाही.

त्यानंतर वारसनोंदीची कागदपत्रं, शपथपत्रं, पुन्हा पुन्हा झेरॉक्सा. त्याबद्दल लिहीत नाही.

14 ऑगस्ट 2025 ला वरळीतल्या पहिल्या 556 घरांच्या चाव्यांचं वाटप सुरू झालं, त्यांत आमचं घर होतं. 40 मजल्यांच्या इमारतीत 23 वा मजला. चावी हातात घेऊन हे रडले. मी ओट्यावरून, भिंतींवरून, खिडकीच्या काचेवरून हात फिरवत सुटले. मुलगा पुण्याहून आला होता, लेक-जावई आले होते. दोन बेडरूम असून पहिल्या रात्री आम्ही सगळे हॉलमध्ये एका ओळीत झोपलो, आणि तेही कुणी ठरवलं नव्हतं.

साडेचारला जाग आली. खिडकीतून सागरी सेतूचे दिवे दिसत होते. घर सुंदर होतं, आणि परकं होतं. मला त्याची भीती मात्र वाटली नाही. आता मला माहीत होतं की हे परकेपण बसून जात नाही.

गणपती 27 तारखेला आले आणि 31 तारखेला गौरी. आमच्याकडं तेरड्याची गौर असते. चाळीत आत्या ती खाली अंगणातल्या नळावरून आणायच्या. त्यांच्या माहेरी ती कोयनेच्या पाण्यावरून यायची. इथं ती आणायची कुठून, यावर मजल्यावरच्या बायकांचं लिफ्टपाशी बोलणं झालं. कुणी म्हणालं स्वयंपाकघरातल्या नळावरून. मला ते पटेना, गौर बाहेरून यायला हवी. शेवटी आम्ही सहाजणी सुपात तेरडा, हळदकुंकू घेऊन लिफ्टनं खाली गेलो आणि बागेला पाणी घालायच्या नळाशी पूजा केली. गौर मुक्यानं आणायची असते. वर येताना लिफ्टमध्ये सहा बायका, सहा सुपं आणि शांतता. 23 मजले. त्या शांततेत मला आत्यांच्या पाठीमागून चाळीचा जिना चढल्यासारखं वाटलं.

दारात लेकीच्या पायांवर पाणी घातलं, तिनं गौर घेतली. मी पुढं कुंकवाची पावलं काढत निघाले. गौर घरभर फिरवताना विचारायचं असतं आणि घरच्या बाईनं उत्तर द्यायचं असतं. 160 फुटांत ही फेरी चार पावलांत संपायची. आत्या मग गौर पॅसेजमध्ये नेऊन शेजारच्या दारापर्यंत दाखवून आणायच्या.

"गौर आली, कशाच्या पावली?"

"सोन्यामोत्यांच्या पावली."

"इथं काय आहे?"

"इथं चूल आहे, अन्न आहे."

"इथं काय आहे?"

"इथं देव आहेत."

"इथं काय आहे?"

"इथं लेकरं झोपतात."

मग आम्ही आतल्या दुसऱ्या बेडरूमपाशी आलो. तिथं काहीच नव्हतं. चार भिंती आणि त्या सकाळी मी झाडून-पुसून घेतलेली फरशी.

"इथं काय आहे?" लेकीनं विचारलं.

माझ्या तोंडून निघालं, "इथं जागा आहे."

लेक थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. टॉर्च घेऊन पॅसेज ओलांडणारी ही पोरगी, आणि मी तिला सांगत होते की आपल्याकडं जागा आहे. संध्याकाळी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला. बायका एकमेकींकडं गौर बघायला गेल्या, त्या दिवशी मजल्यावरचं एकही दार रात्री दहापर्यंत लागलं नाही.

गौरी-गणपती गेले, मुलं आपापल्या घरी गेली. काही दिवसांनी पहाटे साडेचारला सवयीनं मी डोळे मिटून मोरीपासून झाडायला घेतलं. पिंपाच्या मागं हात घातला तर तिथं नव्या ओट्याखालचं कपाट लागलं. मी थांबले नाही. कपाटाखालून काढलं, हॉल झाडला, रिकाम्या खोलीत गेले, तिच्या चारी कडा घेतल्या. मग दार उघडलं तर बाहेर लिफ्ट नव्हती, चाळीचा पॅसेज होता, दिवा लागलेला. तोही झाडत गेले. जिन्यापाशी केर गोळा केला, केरसुणी भिंतीला उभी करून ठेवली आणि परत फिरले. एक, दोन, तीन, चार.

मग उठले. दिवा लावला. भरायला पिंप नव्हतं, हंडे माळ्यावर बांधून ठेवलेले. देवाचा तांब्या घेतला, नळाखाली धरला आणि काठोकाठ भरून देवापुढं ठेवला.